सहा महिन्यांची सिस्टर

दहावीत मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा गणित आणि इंग्रजी, दुसऱ्यांदा नुसतं गणित. एकच विषय राहिला आहे, तिला पुन्हा बसवा, असं शाळेतल्या सरांनी बाबांना घरी येऊन सांगितलं. बाबा तयार होते. मीच बसले नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. माझ्या वर्गातल्या मुली सकाळच्या एसटीनं पारशिवनीला अकरावीच्या वर्गाला जायच्या, आणि बरोबर त्याच वेळेला मी घराच्या मागच्या बाजूला भांडी घेऊन बसायची, म्हणजे बसच्या खिडकीतून मी कोणाला दिसू नये. एकोणिसावं लागलं तेव्हा नागपूरहून मावशीचा फोन आला, की पोरीला इकडे पाठवा, इथं दहावी नसली तरी काही ना काही शिकता येतं.

मावशी मनीषनगरात राहते. दोन खोल्या, मावसाजी एका गोडाऊनवर सुपरवायझर, आणि मावशी घरून जेवणाचे डबे करते. सकाळी मी तिला पोळ्या करू लागायची आणि दुपारी आम्ही दोघी कोर्स पाहायला निघायचो. ‘दहावी नापास’ हे शब्द गावात कोणी माझ्यासमोर उच्चारत नव्हतं. नागपुरात ते विजेच्या खांबांवर, ऑटोच्या मागे, पुलाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत छापलेले होते. जणू इथं कोणीतरी माझी वाट पाहत होतं. मला बरं वाटलं. आज ते दिवस आठवले की ते बरं वाटणंच पहिलं आठवतं, आणि त्याचीच भीती वाटते.

आम्ही बऱ्याच ठिकाणी गेलो. एका पार्लरवालीनं मला लगेच झाडू दिला आणि शिकवणं नंतर पाहू म्हणाली. कॉम्प्युटरवाल्यानं खरं ते सांगितलं, की टायपिंग शिकाल, पण ऑफिसात बारावी विचारतील. मग आम्ही सरकारी आयटीआयमध्ये गेलो. तिथं शिलाईचा एक वर्षाचा ट्रेड आठवी पासवरही मिळतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिथं शिलाई शिकवणाऱ्या निदेशक बाईंनी माझी मार्कशीट शांतपणे वाचली. कीव केली नाही की कौतुक केलं नाही. अर्ज जून-जुलैत निघतील म्हणाल्या. निघताना त्या मावशीला म्हणाल्या, की दुसरीकडे कुठंही नाव घाला, पण सर्टिफिकेटवर सही कोणाची असते आणि आधीच्या मुली आज कुठं काम करतात, एवढं विचारल्याशिवाय कागद देऊ नका.

मावशीला ती जागा आवडली. मला नाही. शिलाई तर आमच्या गावातली प्रत्येक दुसरी बाई करते, त्यासाठी मी नागपूरला कशाला आले, असं मला वाटलं. आणि दोन वर्षं वाया घालवून बसलेल्या मुलीला आणखी एक वर्ष फार मोठं दिसतं.

चार दिवसांनी आम्ही धरमपेठेत गेलो. चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक संस्था होती. सहा महिन्यांत नर्सिंग, शिक्षणाची अट नाही. संस्था चालवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या आत-बाहेर, मऊ आवाजाच्या. मी मार्कशीट पुढे केली तर त्यांनी ती न पाहताच बाजूला ठेवली.

“नापास म्हणजे काय गं?” त्या म्हणाल्या. “कागदावरचा शब्द आहे. तुझे हात तर नापास नाहीत ना?”

दोन वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. त्या अवस्थेत मी शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मावशीनं झेरॉक्स चालेल का विचारलं. मॅडम हसल्या, ओरिजिनल इथं जास्त सुरक्षित राहील म्हणाल्या. मग दोन कोरे कागद पुढे केले. हॉस्पिटलसाठी अर्ज लागतात, आम्ही टाइप करून घेतो, तुला पुन्हा पुन्हा यायला नको, खाली सही कर. मी दोन्हींवर केली. शाळेत शिकलेली, शेवटी वळसा असलेली.

जिना उतरताना मावशी म्हणाली, “तिनं तुले एकही प्रश्न नाही विचारला वं.”

मी म्हटलं, मग काय झालं.

“भाजीवाल्याले मी दहा प्रश्न विचारते.”

मी तिला मागे टाकून भराभर पुढे चालू लागले.

वर्गात आम्ही अकरा जणी होतो. बहुतेक माझ्यासारख्याच, कोणी नववीतून सुटलेली, कोणी दहावीत अडकलेली. माझ्या शेजारी उमरेडकडची एक बसायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, नवऱ्यानं सोडलेली, लहान मुलगी आईजवळ ठेवून आलेली. तिचा हात आमच्या सगळ्यांत चांगला होता. इंजेक्शन आम्ही संत्र्यावर शिकलो. साल भेदून सुई आत जाते तेव्हा एक बारीक धक्का लागतो, तो ओळखायचा, बस. त्या मोसमात खोलीभर संत्र्यांचा वास असायचा आणि पाणी टोचलेली ती संत्री खायची नाहीत म्हणून दिवसाच्या शेवटी मॅडम बादलीत टाकायला लावायच्या. उमरेडवाली एका दिवसात धक्का ओळखायला शिकली. मला चार दिवस लागले.

मॅडम आठवड्यातून दोनदा स्वतः वर्ग घ्यायच्या आणि वहीत मजकूर उतरवून द्यायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, की आधीच्या बॅचच्या मुली कुठं आहेत.

“सगळ्या सेट आहेत,” त्या म्हणाल्या.

“कुठं, मॅडम?”

“बेटा, तू अभ्यासाकडे लक्ष दे.”

त्या दिवसानंतर त्यांनी मला बेटा म्हणणं सोडलं. हजेरी घेताना पूर्ण नावानं हाक मारायच्या, आडनावासकट, आणि मग क्षणभर माझ्याकडे पाहत राहायच्या. मी पुन्हा काही विचारलं नाही.

दीड महिन्यानं आम्हा सहा जणींना प्रॅक्टिकलसाठी एका खासगी दवाखान्यात पाठवलं. शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यावर, पंधरा खाटांचा. पांढरा अ‍ॅप्रन मिळाला आणि छातीला लावायचा बिल्ला, त्यावर माझं नाव आणि खाली ‘सिस्टर’. पहिले दोन दिवस मी बिल्ला उलटा करून ठेवायची. तिसऱ्या दिवशी माझ्या आजोबांच्या वयाचे एक जण खाटेवर उठून बसले आणि हात जोडून म्हणाले, सिस्टर, माझं दुखणं कधी थांबन? मी म्हटलं, थांबेल. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. त्यानंतर मी बिल्ला सरळ लावू लागले.

तिथं खरं शिक्षण घेतलेली नर्स एकच होती. आम्ही तिला मोठ्या सिस्टर म्हणायचो. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रासलेली, कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला औषधांच्या खोलीत उभं केलं आणि सांगितलं, “मी नसताना कोणत्याच पेशंटले सुई लावायची नाही. तुम्ही सहा जणी, अन् जबाबदारी माझी एकटीची.”

पण मोठ्या सिस्टर एका पाळीपुरत्याच असायच्या. बाकीच्या वेळी दवाखान्याचे डॉक्टर जिन्यावरूनच सांगून जायचे, तीन नंबरला हे द्या, सातची सलाइन बदला. आधी आम्ही सलाइन बदलली. मग सलाइनच्या नळीतून औषध दिलं. मग सुई हातात आली. कोणत्या दिवशी आली ते सांगता येत नाही, कारण कोणीच त्या दिवशी थांबून काही म्हटलं नाही. मीही पंधरा-वीस इंजेक्शनं दिली. एकही चुकलं नाही, आणि त्यामुळे मला वाटू लागलं की मला येतं.

ती दुपार गुरुवारची. मोठ्या सिस्टर भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. पाच नंबरच्या खाटेवर एक बाई होती, गर्भाशयाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेली, सोबतीला माझ्याच वयाची तिची मुलगी. बाईला ताप उतरत नव्हता. डॉक्टरांनी फोनवर दुसरं अँटिबायोटिक सांगितलं. उमरेडवालीनं नाव तळहातावर लिहून घेतलं आणि खालच्या मेडिकलमधून औषध आणवलं. नवं औषध देण्याआधी कातडीखाली थेंबभर देऊन पाहायचं, मोठ्या सिस्टर त्याला टेस्ट डोस म्हणायच्या आणि स्वतः घड्याळ लावून बसायच्या. मी तिला म्हटलं, टेस्ट?

“डॉक्टरनं सांगितलं नाही,” ती म्हणाली. “अन् अजून चार पेशंट बाकी हायेत.”

तिनं सुई दिली, ट्रे मी धरला होता. हे मी कोणाला सांगताना कधीकधी गाळते, म्हणून इथं लिहून ठेवते.

दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. मग बाई मान खाजवू लागली. गळ्यावर लाल चट्टे उठले, ओठ सुजले, आणि जीव घाबरून राहिला असं म्हणता म्हणता तिचा आवाज बसला. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, “सिस्टर, हिले काय होऊन राहिलं?”

आम्ही दोघी उभ्याच राहिलो. किती वेळ, ते मला आजही माहीत नाही. उमरेडवालीच्या हातात रिकामी सिरिंज होती आणि ती तिच्याकडेच पाहत होती. मग मी पळाले. डॉक्टरांच्या केबिनला कुलूप होतं. मी तशीच रस्ता ओलांडून समोरच्या लहान मुलांच्या दवाखान्यात घुसले. तिथले डॉक्टर एका बाळाला तपासत होते. इंजेक्शन दिलं, तोंड सुजलं, श्वास घेता येत नाही, एवढंच मी बोलले असेन. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. कपाटातला डबा उचलला आणि माझ्या पुढे धावत सुटले, एक चप्पल त्यांच्या दारातच राहिली.

त्यांनी बाईच्या मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, पाय उंच करायला लावले. हळूहळू तो आवाज कमी झाला. मग त्यांनी मान वर केली आणि इथली नर्स कोण, असं विचारलं. त्यांची नजर माझ्या बिल्ल्यावर आली.

“किती शिकली आहेस?”

“दहावी नापास,” मी म्हटलं.

नागपुरात आल्यापासून हे शब्द मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारले. सरकारी दवाखान्यात न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ते डॉक्टर त्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले, आणि आम्हा दोघींपैकी कोणालाही जवळ येऊ दिलं नाही.

पाच वाजता आमच्या मॅडम आल्या. दवाखान्याचे डॉक्टरही तोवर परतले होते; त्यांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं, खुर्च्यांवर बसवलं, चहा मागवला. इतक्या दिवसांत आम्हाला तिथं कोणी बसा म्हटलं नव्हतं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. त्या दुपारच्या नोंदीत टेस्ट डोस दिला, प्रतिक्रिया नाही, असं दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं. सहीची जागा तेवढी रिकामी होती. मॅडमनी पेन उमरेडवालीसमोर ठेवलं. तुझा कोर्स संपत आला आहे, सर्टिफिकेट तयार आहे, एवढी नोंद पूर्ण कर, असं त्या तिला समजावत होत्या. आवाज तोच, मऊ.

मग त्यांनी एक फाइल उघडून माझ्याकडे सरकवली. आत टाइप केलेला अर्ज होता. वर माझं पूर्ण नाव, आडनावासकट. प्रशिक्षित परिचारिका, अनुभव दोन वर्षे, आपल्या रुग्णालयात स्टाफ म्हणून काम करण्यास इच्छुक. आणि खाली माझी सही होती. वळशासकट. तो मजकूर मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते, पण ती सही माझी नाही असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

“घाबरू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “काही होणार नाही. आणि झालंच, तर तू इथली स्टाफ आहेस. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.”

पाठीशी म्हणजे माझ्या मागे, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. पुढे मी एकटी होते.

उमरेडवालीनं सही केली. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही. रजिस्टर माझ्यासमोर आलं तेव्हा मी म्हटलं, मला मावशीला विचारावं लागेल. डॉक्टर हसले. मला दुसरं काहीच सुचलं नव्हतं. मी उठले आणि अ‍ॅप्रन घातलेलाच बाहेर पडले. रस्त्यावर दोन ऑटोवाले मला पाहून, कुठं जायचं सिस्टर, म्हणाले. मी अ‍ॅप्रन काढून गुंडाळी करून हातात धरला आणि चालत सुटले.

घरी मावशी डब्यांची भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर एवढंच विचारलं, “बाई जित्ती हाय का?”

मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. वॉर्ड शोधायला बराच वेळ लागला. प्रत्येक दाराशी मला वाटायचं, आत ती नसेलच. ती होती. बसून मुलीच्या हातून चहा पीत होती. मुलगी मला पाहून उठली, तिनं माझे दोन्ही हात धरले आणि आईला म्हणाली, याच सिस्टर धावत गेल्या होत्या. मी हात सोडवून घेतले. मी सिस्टर नाही, मी दहावीही पास नाही, औषध देण्याआधी तपासलं नव्हतं आणि रजिस्टरमध्ये तपासलं म्हणून लिहिलं आहे, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

ती मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. तिला समजत नव्हतं.

“मंग तुम्ही तिथं काय करून राहिल्या होत्या?”

मावशीनं आणलेला डबा स्टुलावर ठेवला आणि आम्ही निघालो. व्हरांड्यात मुलीचे वडील भेटले, त्यांनाही मी सांगितलं. ते म्हणाले, जीव वाचला नं, आम्हाले आता घरी जाऊ द्या. पुढे त्यांनी काही केलं की नाही, मला कळलं नाही.

माझा दाखला मावशीनं सोडवला. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत धरमपेठेत आली आणि मॅडमच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. कोर्स पूर्ण झाल्यावर दाखला मिळेल, असं मॅडमनी सांगितलं. मावशी बरं म्हणाली आणि बसून राहिली. सकाळचे दहा वाजले होते. चौकशीला मुली येत होत्या, आईला घेऊन, भावाला घेऊन. मावशी प्रत्येकीकडे निरखून पाहायची आणि म्हणायची, माही भाची इथंच होती, तिचा दाखला न्यायले आली मी. त्यापेक्षा एक शब्द जास्त नाही. मुली जिन्यावरून परत जात होत्या. चार वाजता मॅडमनी कपाट उघडलं. दाखला टेबलावर टाकला. सही केलेला दुसरा कोरा कागद मावशीनं मागितला, तर म्हणाल्या, तो इथं नाही.

मावसाजींनी मला पोलीस ठाण्यात नेऊन तक्रारीचा अर्ज लिहायला लावला. तिथल्या शिपायानं विचारलं, चोरीला काय गेलं? मी म्हटलं, सही. त्यानं अर्ज दोनदा वाचला, शिक्का मारून पोच दिली आणि ती सांभाळून ठेवा म्हणाला. ज्या सुरात म्हणाला त्यानं मला जास्तच भीती वाटली. पुढचे कित्येक महिने अनोळखी नंबरचा फोन आला की मी तो मावशीच्या हातात द्यायची. पेपरात कुठल्याही दवाखान्याची बातमी असली की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, त्यात माझं नाव नाही ना म्हणून.

जुलैमध्ये मी आयटीआयचा अर्ज भरला. एक वर्ष शिलाई आणि कटिंग शिकले. निदेशक बाई इतक्या कडक, की एक टाका वाकडा गेला तर पूर्ण बाही उसवायला लावायच्या. मला ते आवडायचं. चुकलेलं उसवता येतं, याचाच मला आधार वाटत होता. त्याच वर्षी गणिताचा पेपर दिला आणि काठावर पास झाले. आता मी नागपुरातच शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये कटिंग करते. धरमपेठेतलं चष्म्याचं दुकान आहे, वरचा बोर्ड निघाला आहे.

मागच्या वर्षी उमरेडवालीचा फोन आला. कशी आहेस वगैरे झालं. तिची मुलगी आता तिच्याजवळ असते. ती एका नव्या संस्थेत शिकवते. गावाकडच्या मुली असतील तर सांग, म्हणाली. मी तिला त्या गुरुवारबद्दल विचारलं. ती म्हणाली, त्या बाईले काही झालं तर नाही नं. मग मी विचारलं, मुलींना टेस्ट डोसचं सांगतेस का?

“सांगते,” ती म्हणाली. “सगळ्यात आधी तेच सांगते.” आणि पुढे, “पण मी सांगून काय होते वं. त्यांले पाठवतात कुठं, ते माझ्या हातात नाही.”

आमच्या गावच्या शेजाऱ्यांची मुलगी यंदा दहावीत राहिली. परवा तिचा फोन आला, की ताई, मला नागपुरात कोर्स सापडला. संस्थेचं नाव सांगितलं, ते उमरेडवालीच्या संस्थेचं. मी तिला सगळं सांगितलं, ट्रे माझ्या हातात होता इथपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण ताई, तुमच्या वेळची गोष्ट वेगळी असन.”

माझ्या वेळेला चार वर्षं झाली आहेत. एकटी जाऊ नकोस, काही देऊ नकोस, सोमवारी मी तुझ्यासोबत येते, असं मी तिला बजावलं आणि युनिटमधून सुट्टी मागून घेतली. ती हाव ताई, सोबतच जाऊ, म्हणाली. आज शनिवार. कालपासून ती फोन उचलत नाही, आणि तिची आई म्हणते, पोरगी काल सकाळच्याच बसनं नागपूरले गेली, तुमच्याकडेच येतो म्हणाली होती.